आरोपपत्र ते बडतर्फी : कोर्टात टिकेल अशी अंतर्गत चौकशी कशी करावी

कामगाराने माल चोरला, सुपरवायझरच्या अंगावर हात टाकला किंवा रात्रपाळीत मशीन चालू ठेवून झोपला. मालकाने दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच अडवलं, हिशेब हातात दिला आणि घरी पाठवलं. काही वर्षांनी लेबर कोर्टाचा निकाल येतो : कामावर परत घ्या, मधल्या काळाचा पगार द्या. मालक म्हणतो, चोर सुटला. पण चोरी झाली की नाही, हा प्रश्न बहुतेक वेळा कोर्टापुढे नीट गेलेलाच नसतो. चौकशी झालेली नसते, किंवा झाली ती उलट्या क्रमाने झालेली असते, आणि कोर्टात नव्याने पुरावा देण्याची परवानगीही वेळेत मागितलेली नसते.

मी अनेक वर्षं अशा चौकशांच्या फायली तपासतो. खोटी कारवाई करणारे मालक त्यात थोडे असतात. क्रम चुकलेले मालक फार असतात. आधी शिक्षा ठरते, मग तिला शोभेल असं आरोपपत्र लिहिलं जातं. हा लेख भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या मालक-व्यवस्थापकांसाठी आहे. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा १ : माणूस कोण आणि नियम कोणते, हे ठरवा

कारवाईचा विचार आला की दोन कागद टेबलावर घ्या : त्या माणसाचं नेमणूकपत्र आणि तुमच्या आस्थापनेचे स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटी आणि गैरवर्तनाची यादी देणारे नियम.

पहिला प्रश्न असा, की हा माणूस कायद्याच्या अर्थाने कामगार आहे का? इथे पदाचं नाव कामाला येत नाही. 'असिस्टंट मॅनेजर' असं कार्ड छापून दिलेला माणूस दिवसभर मशीनच चालवत असेल, तर कोर्ट त्याला कामगारच धरेल. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारे देखरेखीचे कर्मचारी तिच्यात कामगार धरलेले नाहीत. पण देखरेख खरोखर आहे का, हे रोजच्या कामावरून ठरतं. रजा कोण मंजूर करतं? कामाची वाटणी कोण करतं? शंका असेल तर त्याला कामगार धरूनच पुढे जा. चौकशी जास्त झाली म्हणून कोणाचं नुकसान होत नाही.

दुसरा प्रश्न, त्याने जे केलं ते गैरवर्तनाच्या यादीत आहे का? ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की स्थायी आदेशात गैरवर्तन म्हणून न दिलेल्या कृत्यासाठी शिक्षा करता येत नाही. म्हणून कलम आधी शोधा. ते सापडलं नाही तर मामला समज देण्याचा आहे.

संहितेनुसार स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनांना आहे. यावरून लहान मालक असा अर्थ काढतात, की आपल्याला चौकशी लागत नाही. हा समज महागात पडतो. चौकशीची गरज नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वातून, म्हणजे म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कोणाला शिक्षा करायची नाही या तत्त्वातून येते, तिला कामगारांच्या संख्येची अट नाही. शिवाय महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांचा १९७१ चा कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब कामावरून काढण्याबद्दल आहे. आकसाने काढणं, खोट्या गुन्ह्यात अडकवणं, गैरहजेरीचे रचलेले आरोप करणं, चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवणं, अवाजवी घाई करणं आणि किरकोळ चुकीला भलतीच मोठी शिक्षा देणं, हे सगळं त्यात आहे. कामगार ९० दिवसांच्या आत थेट कोर्टात तक्रार करू शकतो.

थांबा : दोन प्रकरणं या वाटेने न्यायची नाहीत. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडेच जाते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर ही समिती असायलाच हवी. समितीचा अहवाल हाच चौकशीचा अहवाल असतो, त्यावर पुन्हा वेगळी चौकशी लावून तक्रारदार बाईला तीच साक्ष दुसऱ्यांदा द्यायला लावू नका. दुसरं, प्रसूतीच्या रजेवर असलेल्या स्त्रीला त्या काळात कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

## टप्पा २ : पहिल्या दोन दिवसांत पुरावा धरून ठेवा

घटना घडली की सगळे आरोपपत्राच्या मसुद्याला लागतात. तोवर पुरावा हातातून जातो. सीसीटीव्हीच्या यंत्रात जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं चढत असतं. त्या दिवशीची क्लिप तातडीने दोन ठिकाणी उतरवा. ती कोणी, किती वाजता आणि कोणासमोर उतरवली हे लिहून त्या माणसाची सही घ्या. पुढे चौकशीत तोच साक्षीदार लागेल.

ज्यांनी पाहिलं त्यांचे जबाब त्याच दिवशी आणि त्यांच्याच शब्दांत घ्या. पाच साक्षीदारांचे पाच जबाब शब्दाला शब्द सारखे निघाले, तर ते एकाच माणसाने लिहून घेतले हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. "शिवीगाळ केली" एवढं पुरत नाही. नेमके शब्द लिहा, ते कितीही घाण असले तरी. गेटचं रजिस्टर, हजेरी, पाळीचं वाटपपत्र, माल जप्त केला असेल तर जागेवर केलेला पंचनामा, हे मूळ कागद बाजूला काढून ठेवा.

आता सर्वात जास्त होणारी चूक. कामगाराला केबिनमध्ये बसवून, "राजीनामा दे नाहीतर पोलिसात देतो" असं सांगून सही घेतली जाते. त्या क्षणी प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो राजीनामा मागे घेतल्याचं पत्र पाठवतो, सोबत दबावाची तक्रार जोडतो, आणि चोरीचं प्रकरण बाजूला राहून मालकच आरोपीच्या जागी उभा राहतो. कबुली द्यायची असेल तर ती त्याला स्वतःच्या हाताने, बाहेर मोकळ्या जागी, दोन सहकाऱ्यांसमोर लिहू द्या. तेवढी मोकळीक देता येत नसेल तर ती कबुली घेऊच नका.

तपासा : ही प्राथमिक चौकशी आहे. तिच्यातले जबाब म्हणजे साक्ष नव्हे. पुढे त्या माणसांना प्रत्यक्ष येऊन बोलावं लागेल आणि उलटतपासणीला सामोरं जावं लागेल. आज जबाब देणारा उद्या येईल का, हे आत्ताच विचारून घ्या.

## टप्पा ३ : निलंबन गरज असेल तरच

चौकशी चालू असताना केलेलं निलंबन ही शिक्षा नसते. माणूस आत राहिला तर साक्षीदारांवर दबाव येईल, कागद बदलले जातील किंवा पुन्हा मारामारी होईल, अशी खरी भीती असेल तेव्हाच निलंबित करा. आदेशात "चौकशी पूर्ण होईपर्यंत" हे शब्द हवेत.

निलंबन केलं की दोन घड्याळं चालू होतात. एक, चौकशी साधारणपणे निलंबनाच्या तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण करायची. दोन, निर्वाहभत्ता, म्हणजे निलंबनाच्या काळात पगाराऐवजी द्यायची रक्कम : पहिल्या ९० दिवसांसाठी पगाराच्या ५० टक्के, आणि त्यानंतर उशीर कामगारामुळे होत नसेल तर ७५ टक्के.

हा भत्ता वेळेवर द्या. भारत गोल्ड माइन्सच्या १९९९ च्या प्रकरणात निलंबित कर्मचाऱ्याला भत्ता मिळाला नाही, पैशाअभावी तो चौकशीला येऊ शकला नाही आणि चौकशी एकतर्फी झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा कामावर घ्यायला लावलं. "रोज गेटवर येऊन सही केली तरच भत्ता" ही अटसुद्धा घालू नका. दुसरीकडे नोकरी करत नाही, एवढा लेखी जबाब त्याच्याकडून घेता येतो.

## टप्पा ४ : आरोपपत्र

इथे घाई करू नका. पुढच्या सगळ्या टप्प्यांत तुम्ही या एका कागदाला बांधलेले असता. त्यात नसलेली गोष्ट चौकशीत कितीही सिद्ध झाली तरी तिच्यासाठी शिक्षा देता येत नाही.

माझ्यासमोर वारंवार येणारं आरोपपत्र असं असतं :

"आपण दिनांक १२ रोजी वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले व कंपनीच्या शिस्तीचा भंग केला. आपले वर्तन नेहमीच असे असते. आपण गंभीर गैरवर्तन केले असल्याने आपणास कामावरून का काढू नये याचा खुलासा २४ तासांत करावा."

यात किती चुका आहेत ते पाहा. वेळ नाही, जागा नाही, वरिष्ठ कोण ते नाही. उद्धट म्हणजे नेमकं काय केलं ते नाही. "नेहमीच" या शब्दाला एकही तारीख नाही. "केले असल्याने" असं लिहून निकाल आधीच लावून टाकला. शिक्षाही सांगून टाकली. उत्तराला मुदत २४ तास. कलमाचा पत्ता नाही.

तेच आरोपपत्र असं लिहा :

"दिनांक १२ रोजी दुसऱ्या पाळीत, सायंकाळी साधारण ६.४० वाजता, पॅकिंग विभागात लाइन क्रमांक २ जवळ, पाळी प्रमुखांनी आपणास लाइनवर परत जाण्यास सांगितले असता आपण 'तू कोण सांगणारा' असे म्हणून त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का मारला व ते खाली पडले, असा आपणावर आरोप आहे. हे कृत्य सिद्ध झाल्यास ते स्थायी आदेशातील पुढील कलमांखाली गैरवर्तन ठरते : ..."

"असा आरोप आहे" आणि "सिद्ध झाल्यास" हे शब्द गाळू नका. व्यवस्थापनाचं मन अजून उघडं आहे, हे त्यांतूनच दिसतं. प्रत्येक घटनेला वेगळा क्रमांक द्या. खाली कागदपत्रांची यादी द्या आणि प्रती जोडा. तक्रारीची प्रत "गोपनीय" म्हणून दाबून ठेवायची आणि नंतर तिच्याच आधारे दोषी धरायचं, हे टिकत नाही. उत्तरासाठी निदान काही दिवस द्या आणि मुदतवाढ मागितली तर एकदा तरी द्या. कामगाराला मराठी कळत असेल आणि इंग्रजी कळत नसेल, तर आरोपपत्र मराठीतच हवं. सही कोणाची, हेही पाहा. कारवाईचा अधिकार ज्याला आहे त्यानेच सही करायची.

मागच्या इशारापत्रांचा आधार शिक्षेच्या वेळी घ्यायचा असेल, तर ती इथेच, तारखांसह, वेगळ्या परिच्छेदात नमूद करा.

पोचवण्याची चूक : कामगाराने आरोपपत्र घ्यायला नकार दिला म्हणून ते फायलीत ठेवून दिलं, असं सर्रास होतं. नकार दिला तर तिथल्या तिथे दोन साक्षीदारांच्या सहीने तशी नोंद करा. मग माहितीतल्या प्रत्येक पत्त्यावर, गावाकडच्याही, पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. पाकीट परत आलं तर ते फोडू नका. पोस्टाच्या शेऱ्यासह, बंद स्थितीतच फायलीला लावा. शेवटी नोटीस बोर्ड, आणि गरज वाटली तर त्या भागात वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना.

### गैरहजेरीचं आरोपपत्र

हे वेगळं सांगायला हवं, कारण इथे जवळजवळ सगळे चुकतात. "सलग अमुक दिवस न कळवता गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपुष्टात येईल" असं कलम अनेकांच्या नियमांत असतं. त्याच्या भरवशावर हजेरीपटावरून नाव कमी केलं जातं. जे.एम.ए. इंडस्ट्रीजच्या १९९३ च्या निकालात नेमका हाच प्रश्न होता. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी म्हणून कलमाच्या आधारे नोकरी संपवली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की म्हणणं मांडायची संधी आणि चौकशी दिल्याशिवाय हे चालणार नाही.

म्हणून आधी कामावर हजर होण्याचं पत्र पाठवा. मग दुसरं. दोन्हींत गैरहजेरीच्या तारखा आणि हजर होण्याची मुदत लिहा. तरी आला नाही, तर आरोपपत्र द्या आणि नेहमीसारखी चौकशी करा. मध्येच तो वैद्यकीय दाखला घेऊन गेटवर आला तर त्याला परत पाठवू नका. दाखला घ्या, पोच द्या, कामावर घ्या आणि चौकशी चालू ठेवा. गेटवर अडवलेला कामगार "मी कामावर यायला तयार होतो" असं म्हणतो, आणि ते खरं असतं.

## टप्पा ५ : खुलासा वाचा

ही पायरी लहान आहे, पण तिचा कागदी पुरावा लागतो. खुलासा आला की तो वाचून समाधान का झालं नाही, हे दोन ओळींत लिहा आणि मगच चौकशी अधिकारी नेमा. आरोपपत्रातच चौकशी अधिकाऱ्याचं नाव आणि पहिली तारीख टाकून मोकळे होणारे व्यवस्थापक स्वतःच सांगत असतात, की उत्तर काहीही आलं तरी फरक पडणार नव्हता. खुलासा पटला तर प्रकरण बंद करा आणि तसं लेखी कळवा.

## टप्पा ६ : चौकशी अधिकारी

एक कसोटी लावा. या माणसाला घटनेबद्दल आधीपासून काही माहीत आहे का? तक्रारदार, साक्षीदार, प्राथमिक चौकशी करणारा आणि आरोपपत्रावर सही करणारा, यांतला कोणीही नको. बाहेरचा वकील नेमता येतो. कंपनी त्याची फी देते म्हणून तो पक्षपाती ठरत नाही. पण त्याच वकिलाने आरोपपत्राचा मसुदा केलेला नसावा.

व्यवस्थापनाची बाजू मांडायला वेगळा प्रतिनिधी नेमा. चौकशी अधिकारीच साक्षीदाराला प्रश्न विचारून आरोप पक्का करू लागला, की तो न्याय करणारा राहत नाही. उत्तर स्पष्ट करून घेण्यापुरता एखादा प्रश्न त्याने विचारला तर चालतं, पण त्यावर उलटतपासणीची संधी द्यायची.

कामगाराला सहकारी किंवा स्थायी आदेशांत बसत असेल तसा युनियनचा पदाधिकारी बचावासाठी घेऊ द्या. वकील हा त्याचा सरसकट हक्क नाही. मात्र तुम्ही कायद्यात मुरलेला माणूस समोर बसवला असेल, तर त्यालाही वकील द्यावा लागतो. मुंबई बंदर न्यासाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.

## टप्पा ७ : सुनावणी

सुर एनॅमलच्या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने योग्य चौकशीच्या पाच गोष्टी सांगितल्या. आरोप स्पष्ट कळवणे, साक्षीदार साधारणपणे कामगाराच्या समोर तपासणे, उलटतपासणीची संधी देणे, त्याला स्वतःचे साक्षीदार व स्वतःची साक्ष देऊ देणे, आणि कारणांसह निष्कर्ष नोंदवणे. साठ वर्षांनंतरही चौकशा याच पाचांवर पडतात.

पहिल्या बैठकीत आरोप वाचून दाखवा, कळले का विचारा, कबूल आहेत का विचारा. कार्यपद्धती समजावून सांगा आणि प्रतिनिधी हवा का ते विचारा. ही सगळी उत्तरं कामगाराच्या सहीसह कागदावर यायला हवीत. त्याने आरोप कबूल केला, तर कबुली नेमक्या कोणत्या वाक्याला आहे ते लिहा. "चूक झाली, माफ करा" हे नेहमीच आरोपाची कबुली नसते.

नंतर व्यवस्थापनाचे साक्षीदार, शेवटी कामगार. हा क्रम उलटवू नका. असोसिएटेड सिमेंटच्या १९६३ च्या प्रकरणात चौकशीची सुरुवात कामगारालाच प्रश्न विचारून झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते अयोग्य ठरवलं. ज्याने आरोप केला त्याने आधी पुरावा मांडायचा.

प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न), मग उलटतपासणी (समोरच्या बाजूचे प्रश्न), लागल्यास फेरतपासणी (पहिल्या बाजूचे पुन्हा प्रश्न). एक साक्षीदार बोलत असताना बाकीचे खोलीबाहेर. जुना जबाब नुसता दाखल करून "हीच माझी साक्ष" म्हणू देऊ नका. त्याला तोंडी सांगू द्या. कागदांचंही तसंच. गेट रजिस्टर ज्याने लिहिलं त्याने येऊन सांगायचं, की अक्षर माझं आहे. पोलिसांतल्या तक्रारीची प्रत जोडली म्हणजे चोरी सिद्ध होत नाही.

नोंद कशी करायची ते थोडं जवळून पाहू. उलटतपासणीचा हा तुकडा बघा :

प्रश्न : धक्का मारताना तुम्ही स्वतः पाहिलं का?
उत्तर : आवाज आला म्हणून मी वळलो. तेव्हा साहेब खाली पडलेले होते.
प्रश्न : म्हणजे धक्का पाहिला नाही?
उत्तर : वळलो तेव्हा हा हात पुढे करून उभा होता.

अशा ठिकाणी काही चौकशी अधिकारी "साक्षीदाराने घटनेला दुजोरा दिला" असं एका ओळीत उरकतात. तसं करू नका. पहिलं उत्तर व्यवस्थापनाला गैरसोयीचं आहे, दुसरं सोयीचं. दोन्ही शब्दशः राहिली तर वाचणाऱ्याला साक्षीदार खरा वाटतो. नोंद गाळलेली आहे हे कामगाराचा प्रतिनिधी पहिल्याच हरकतीत दाखवून देतो.

प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि त्याच दिवशी कामगाराला प्रत द्या. सही करायला नकार दिला तर नकाराची नोंद करा. खाडाखोड असेल तिथे शेजारी सही घ्या.

एकतर्फी चौकशी : कामगार आला नाही म्हणून आरोप आपोआप सिद्ध होत नाहीत. पहिल्या गैरहजेरीला तारीख पुढे द्या, कळवा आणि पोच ठेवा. पुन्हा आला नाही तर एकतर्फी चालवा. पण साक्षीदार सगळे तपासायचे, कागद सगळे सिद्ध करायचे, आणि त्या दिवसाची नोंद पुढच्या तारखेसह त्याला पाठवायची. मध्येच आला तर तिथून पुढे सामील करून घ्या.

तपासा : कामगाराने मागितलेली तारीख, कागद किंवा साक्षीदार नाकारला असेल, तर नकाराचं कारण त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलेलं आहे का?

## टप्पा ८ : अहवाल

अहवाल चौकशी अधिकाऱ्याने स्वतः लिहायचा. हे सांगण्याचं कारण आहे. एका कारखान्याची फाइल माझ्याकडे आली, तिच्यात आरोपपत्रात कामगाराचा टोकन क्रमांक चुकीचा टाइप झाला होता. चौकशीत तो दुरुस्तही झाला, प्रत्येक पानावर बरोबर क्रमांक होता. पण अहवालात पुन्हा तोच चुकलेला आकडा आला, आणि बडतर्फीच्या पत्रातही. अहवाल कार्यालयातच, जुन्या मजकुरावरून तयार झाला हे त्या एका आकड्याने उघड केलं. चौकशी खरं तर चांगली झाली होती. साक्षीदार खणखणीत होते. तरी त्या फायलीचा बचाव करणं मला जड गेलं, आणि अजूनही त्याचं वाईट वाटतं.

अहवालात प्रत्येक आरोप वेगळा घ्या. व्यवस्थापनाचा पुरावा काय, बचाव काय, कोणावर विश्वास ठेवला आणि का, हे लिहा. "का" हा भाग नसलेला अहवाल नुसतं मत ठरतो. इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, जे घडल्याची शक्यता जास्त दिसते ते पुरतं. म्हणून पोलिसांच्या खटल्याच्या निकालापर्यंत थांबायलाच हवं असं नाही. शिक्षा काय द्यावी, हे मात्र चौकशी अधिकाऱ्याने सुचवू नये.

## टप्पा ९ : अहवालाची प्रत आणि शिक्षेचा विचार

अहवाल हातात आला की थेट आदेश काढू नका. ईसीआयएलच्या (इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) १९९३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून नियम पक्का आहे : शिक्षा ठरवण्याआधी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यायची आणि त्यावर त्याचं म्हणणं घ्यायचं. तो निकाल खाजगी आस्थापनांनाही लागू आहे. अहवाल कामगाराच्या बाजूने असेल आणि तुम्हाला तो मान्य नसेल, तर असहमतीची कारणं आधी त्याला कळवावी लागतात.

आता शिक्षा. कामगाराची नोकरी किती वर्षांची, आधीची नोंद कशी, कृत्य किती गंभीर, त्याच घटनेत दुसऱ्याला काय शिक्षा दिली, याचा विचार केल्याचं आदेशात दिसलं पाहिजे. मारामारीत दोघे असताना एकाला समज आणि युनियनमध्ये असलेल्या दुसऱ्याला बडतर्फी, असं केलं तर आकसाचा मुद्दा तुम्हीच हाती दिला. चौकशी निर्दोष असली तरी शिक्षा अवाजवी वाटली तर ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. जुन्या कायद्यातली, म्हणजे औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधली, कलम ११-अ ची ही तरतूद आताच्या संहितेतही आहे.

पहिलीच चूक आणि पंधरा वर्षांची स्वच्छ नोकरी असेल, तर माझा सल्ला नेहमी बडतर्फीच्या आधी थांबण्याचा असतो. दंड करणार असाल तर त्याला त्या पगारकाळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे.

## टप्पा १० : आदेश

आदेश काढायच्या दिवशी एक गोष्ट विचारा. या कामगाराशी संबंधित एखादा औद्योगिक वाद समेट अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायाधिकरणापुढे चालू आहे का? पगारवाढीची मागणी प्रलंबित असते आणि ते कोणाच्या लक्षातही नसतं. गैरवर्तन त्या वादाशी निगडित असेल, तर आधी लेखी परवानगी लागते. निगडित नसेल, तर बडतर्फीचा आदेश, एक महिन्याचा पगार आणि मंजुरीचा अर्ज, ही तिन्ही कामं एकाच वेळी करायची. जुन्या कायद्याच्या कलम ३३(२)(ब) बद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ मध्ये सांगितलं, की मंजुरी मागितलीच नाही किंवा नाकारली गेली, तर बडतर्फी झालीच नाही असं धरलं जातं. पैसे "हिशेब घेऊन जा" असं कळवून भागत नाही, ते खात्यात जमा करा.

आदेश मागच्या तारखेपासून लागू करू नका. निलंबनाच्या तारखेपासून बडतर्फ, असं लिहिलेली पत्रं मी अजूनही पाहतो.

नोकरी संपल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. ग्रॅच्युइटी बडतर्फीसोबत आपोआप बुडत नाही. ती रोखायची तर कायद्यात दिलेली कारणं लागतात, नुकसान झालं असेल तर त्या नुकसानीपुरतीच रोखता येते, आणि त्यासाठी वेगळी नोटीस व वेगळा आदेश करावा लागतो.

## प्रकरण कोर्टात गेलं तर

पहिल्या कैफियतीतच, म्हणजे कोर्टात दाखल करायच्या लेखी उत्तरातच, दोन गोष्टी लिहा : चौकशी योग्य झाली आहे, आणि ती सदोष ठरल्यास आरोप कोर्टापुढे सिद्ध करण्याची परवानगी द्यावी. २००१ मध्ये घटनापीठाने सांगितलं आहे, की ही मागणी कैफियतीतच यायला हवी. चौकशी रद्द झाल्यावर ती आठवून उपयोग नाही. आणि ती मागितली, तर साक्षीदार पुन्हा लागतील. म्हणून नोकरी सोडून गेलेल्या साक्षीदारांचे पत्ते, मूळ रजिस्टरं, सीसीटीव्हीची मूळ क्लिप आणि न फोडलेली पाकिटं, हे सगळं प्रकरण शेवटच्या कोर्टात निकाली निघेपर्यंत एकाच पेटीत ठेवा, आणि पेटीची किल्ली कोणाकडे आहे ते फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.